रविवारचा डोंगर

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘आपल्या परिसरातील डोंगर आणि डोंगरसहली’ हा विषय माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी त्यांना म्हटले, “अहो, डोंगर जाणणारी माणसे ठाण्यात आणि डोंबिवलीत डझनांनी आहेत. मी तीस वर्षे कारखान्यांच्या गेटवर सभा घेणारा माणूस. मला कशाला चढवता?” ते म्हणाले, “तुम्ही तुमच्या पद्धतीने बोला.” माझी पद्धत एकच आहे. कोणतीही गोष्ट पुढे आली, की ती कोणाच्या वेळात होते आणि तिची मजुरी कोण भरतो, एवढे पाहावयाचे. डोंगराकडेही मी त्याच नजरेने पाहणार आहे. ज्यांना कड्याकपारींचे वर्णन ऐकावयाचे असेल त्यांची थोडी निराशा होईल, ती त्यांनी गोड मानून घ्यावी.

आपल्या दारातला पहिला डोंगर म्हणजे येऊरचा. ठाण्याच्या उपवन तलावाला वळसा घालून वर गेले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे हे रान, त्यातले चव्वेचाळीसेक चौरस किलोमीटर ठाणे जिल्ह्यात, बाकीचे मुंबई उपनगरात. सर्वांत उंच जागा जांभूळमाळ, ४६८ मीटर. गिर्यारोहक या उंचीला हसतील. पण एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात बिबट्या वावरतो असे रान जगात फार नाही. बोरिवलीच्या दाराने गेले तर भाड्याची सायकल घेऊन आत फिरता येते. येऊरच्या बाजूने पायीच बरे.

याच रानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभरावर लेणी, बौद्ध भिक्षूंची. तेथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत आपले कल्याण वारंवार येते. राजेरजवाडे आणि व्यापारी असणारच. पण दोन लेख मला फार जवळचे वाटतात. एक कल्याणच्या सोनाराचा आहे, त्याने पाण्याचे टाके खोदून दिले. दुसरा कल्याणच्या लोहाराचा, नंद नावाच्या. त्याने काय दिले असेल? वाट. डोंगरावर चढण्याची वाट. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला हा लोहार. भाता फुंकून मिळवलेल्या पैशांतून त्याने दुसऱ्यांच्या पायांसाठी वाट करून दिली आणि तसे दगडावर लिहून ठेवले. आपल्या भागातल्या डोंगरवाटांचा इतिहास लिहावयाचा तर पहिले नाव कोणा साहेबाचे नव्हे, कल्याणच्या या कारागिराचे घ्यावे लागेल.

साहेबाचे नाव पुढे येते. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या मुक्कामाहून सहज डोंगर चढून गेले आणि त्यांनी माथेरानचा ‘शोध लावला’. हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता आणि तेव्हाच मला तो खटकला होता. त्या माथ्यावरच्या रानाला माथेरान हे नाव मॅलेटसाहेबांनी दिले नव्हते. ते आधीच होते. ठाकर, कातकरी आणि धनगर त्या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत होते. पण साहेब वर गेले ते कामाशिवाय गेले, हा फरक. लाकडासाठी नाही, मधासाठी नाही, जनावरे चारण्यासाठी नाही. हवा चांगली आहे म्हणून. शोध लागला तो डोंगराचा नव्हे. मोकळ्या वेळात डोंगरावर जाता येते, या कल्पनेचा शोध आपल्या भागात त्या वर्षी लागला असे म्हणा हवे तर.

तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १ मे १८५४ ला ती कल्याणला पोहोचली. घाट फोडून ती वर नेली तेव्हा बोरघाटात एका वेळी तीस-चाळीस हजार मजूर खपत होते, आणि पटकीने व सुरुंगाने किती गेले याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली, सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने. सुमारे एकवीस किलोमीटरची वळणे. आज त्या गाडीत बसून आपण टाळ्या पिटतो. गाडी वर पोहोचल्यावरसुद्धा माणसाला माणसाने ओढण्याची रिक्षा तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालत राहिली, कारण मोटारींना बंदी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत ती बंद करावयास सांगितले. हवा खावयास गेलेल्या माणसाची दमछाक दुसऱ्याने करावयाची, हा प्रकार स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे टिकला.

असो. मला आज सांगावयाचे आहे ते त्याहून जुने आहे. डोंगर होते, आगगाडी आली, ठाणे-कल्याणहून तास-दोन तासांत पायथा गाठता येऊ लागला. मग गिरणीतला आणि कारखान्यातला माणूस डोंगरावर केव्हा जाऊ लागला? उत्तर साधे आहे. जाऊ शकत नव्हता, कारण त्याला रविवारच नव्हता.

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरत. सण आणि यंत्रे साफ करण्याचे दिवस सोडले तर सुट्टी नाही. यंत्रे साफ करावयास यावे लागे ते वेगळेच! १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला तो मुलांपुरता. सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास काम आणि महिन्यातून चार सुट्ट्या. मोठ्या माणसाला त्यात काहीच नव्हते.

रविवार मिळवून देणारा माणूस आपल्या ठाण्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यात. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, मग रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी, नंतर मांडवीच्या गिरणीत कोठाराचे काम. कामगाराचे दुःख त्यांनी तेथे जवळून पाहिले. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी चालविले आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी सप्टेंबरात सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाहा: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि काम करताना इजा झाली तर भरपाई. आजची कोणतीही मागणीपत्रके काढा. शब्द बदलले आहेत, क्रम बदलला आहे, जिन्नस तेच.

रविवारच का? साहेबांचा चर्चचा वार म्हणून सरकारी कचेऱ्या बंद असत हे एक कारण. पण आपल्याकडे रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला तो वार परका नव्हता.

अर्ज झाला म्हणून मागणी मान्य होत नसते, हे मी तुम्हांला सांगावयास नको. सहा वर्षे गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. त्या काळात, हजारो पुरुषांपुढे उभे राहून, गिरणीत काम करणाऱ्या बाईने ‘आम्हांला एक दिवस हवा’ असे म्हणावयाचे! त्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत मी पाहिली नाहीत. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगच्या साथीत गेले. वय पुरते पन्नासही नव्हते.

पुढचा हिशेब भरभर सांगतो. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने साप्ताहिक विश्रांतीचा करार केला, तो हिंदुस्थानने १९२३ मध्ये मान्य केला. १९२२ ला आठवड्याचे साठ तास, १९३४ ला चोपन्न, १९४६ ला अठ्ठेचाळीस. दुकानांतल्या नोकरांसाठी साप्ताहिक सुट्टीचा कायदा १९४२ चा. आणि १९४८ च्या कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट आली: वर्षभर भरून काम केले की वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. एका रविवारात येऊर होते, मलंगगड होतो. तंबू घेऊन दोन रात्री रानात काढावयाच्या तर ही पगारी रजा लागते. साठ तासांवरून अठ्ठेचाळीसवर येणे म्हणजे आठवड्याला बारा तास मोकळे होणे. डोंगर चढून उतरण्यास बारा तास पुष्कळ झाले.

इतर देशांतही डोंगर आणि कामाचे तास यांची अशीच जोडी दिसते. इंग्लंडात मँचेस्टरच्या शेजारी किंडर स्काउट नावाचे पठार आहे. गिरणगावाच्या इतके जवळ, पण कामगाराला तेथे पाऊल टाकण्याची बंदी, कारण ती जमीन उमराव-जमीनदारांची, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारीच, सुमारे चारशे तरुण कामगार बंदी मोडून वर चढले. पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली; रॉथमनला चार महिने. तो पुढे जन्मभर कारखान्यातला युनियनचा कार्यकर्ता राहिला, हे वाचून मला आपला भाऊबंद भेटल्यासारखे वाटले. १९४९ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये त्याच भागात देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. फ्रान्समध्ये १९३६ साली मोठ्या संपांनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. त्या उन्हाळ्यात पॅरिसचे कामगार दोन माणसांच्या सायकलींवर तंबू बांधून समुद्रावर आणि डोंगरात निघाले. कित्येकांनी समुद्र त्या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

आपल्याकडेही मुंबई राज्याने १९५० मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि कान्हेरीच्या भोवतीचे रान कृष्णगिरी उद्यान झाले. तेच वाढत वाढत आजचे उद्यान. पण येथे एक गोष्ट उलटी झाली, आणि ती सांगताना मला सभेत थोडे अवघडल्यासारखे होते. इंग्लंडातले उद्यान बंद दार उघडावे म्हणून झाले. आपल्याकडे जंगलाचे दार एकासाठी उघडले ते दुसऱ्यासाठी बंद करून. १८७८ च्या वनकायद्याने ठाणे जिल्ह्यातली राने राखीव होऊ लागली. भाताच्या रोपांसाठी राब भाजावयाचा तर झाडांच्या फांद्या लागतात. त्या तोडणे गुन्हा झाला. तक्रारी इतक्या झाल्या, की १८८५ मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी चौकशी समिती नेमावी लागली. तारखा शेजारी ठेवून पाहा. १८८४ मध्ये लोखंडे रविवार मागत होते. १८८५ मध्ये ठाण्याचा शेतकरी आणि वारली स्वतःच्या रानातली फांदी मागत होता. एकाला डोंगरावर जाण्यास वेळ मिळत गेला, दुसऱ्याचा डोंगर कमी होत गेला.

या दोघांची गाठ आपल्याच तालुक्यात पडली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि तिला उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली आले. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे. त्यातून वेठबिगारी मोडण्याचा लढा उभा राहिला, आणि त्यात गोळीबारात माणसे मेली. येऊरला जाणाऱ्यांनी पाटोणपाडा, जांभूळपाडा हे पाडे लागतात तेव्हा मोठ्या आवाजातली गाणी बंद करावीत, असे मी आमच्या पोरांना सांगतो. तुम्ही ज्याला सहलीची जागा म्हणता ते कोणाचे तरी घर आहे. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या हटविण्याची मोहीम झाली, तीत राबणाऱ्या माणसांचीच घरे गेली. रान वाचले हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यांतली एक झाकून दुसरी सांगणे मला जमत नाही.

कामगार डोंगरावर कसा जाई, तर प्रथम जत्रेला. माघी पौर्णिमेला मलंगगडावर आजही कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगरची माणसे लोटतात. त्यांना कोणी गिर्यारोहक म्हणत नाही, पण पायऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन चढणारी बाई पाहिली म्हणजे माझ्या पाठीवरची पिशवी मला हलकी वाटू लागते. ‘ट्रेक’ हा शब्द फार नंतर आला. १९५३ च्या मे महिन्यात तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, आणि पुढच्या वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था निघाली. तेनसिंग हा हमालीतून वर आलेला माणूस होता, हे मी मुद्दाम सांगतो. त्यानंतर बँका, कचेऱ्या, रेल्वे यांतली तरुण मंडळी शनिवारी रात्री शेवटची कसारा गाडी पकडून निघू लागली. कारखान्यातला माणूस त्यांत थोडा कमीच. कारण त्याची पाळी असे.

१९९८ च्या सुमारास आम्ही एका रासायनिक कारखान्यातल्या चाळीस-बेचाळीस जणांना माहुलीला नेले. आसनगावला उतरून चालावयाचे. माहुली हा ठाणे जिल्ह्यातला एक उंच किल्ला, साडेआठशे मीटरच्या वर. १६३६ मध्ये शहाजीराजांना येथेच वेढा पडला होता आणि निजामशाहीचा शेवट येथे झाला. मी वाटेत हे सगळे सांगत होतो, आणि मला वाटत होते मी फारच छान बोलतो आहे. पायथ्याच्या ओढ्याजवळ आमचे एक वयस्क सभासद म्हणाले, “साहेब, तुम्ही व्हा पुढे. मी जरा बसतो.” आम्ही संध्याकाळी उतरलो तो ते तेथेच, त्याच झाडाखाली, चप्पल उशाला घेऊन गाढ झोपलेले. डबाही उघडला नव्हता. उठवले तेव्हा ओशाळून हसले आणि म्हणाले, “अंगावर ऊन-सावली घेत झोपलो, लई वर्षांनी.” तीन आठवडे त्यांची रात्रपाळी चालू होती. तेव्हापासून मी सहलीत चढण्याची सक्ती करीत नाही. काहींनी चढावे, काहींनी झोपावे. लोखंड्यांनी मागितलेल्या रविवारात दोन्ही बसते.

आता आजचे सांगतो. मी राहतो त्या वसाहतीतली पाच-सात मंडळी दर रविवारी पहाटे साडेपाचला सायकली काढून येऊरला जातात. हौशी माणसे, चांगली माणसे. त्यांना पहाटे फाटक उघडून देणारा रखवालदार तेथे दोन वर्षे आहे. बारा तासांची पाळी, आठवड्याचे सातही दिवस; एक दिवस गैरहजर राहिला तर त्या दिवसाचे पैसे कापतात. त्याचा ठेकेदार वेगळा, पगार देणारा वेगळा, आणि पावती देणारा कोणीच नाही. एकदा त्याने मला विचारले, “काका, हे सगळे रविवारी जातात तरी कुठे?” तो ठाण्यात दोन वर्षे राहून येऊरला गेलेला नव्हता. फाटकापासून डोंगर दिसतो.

असे लोक आज थोडे नाहीत. वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, भिवंडीच्या गोदामांत ठेक्यावरची माणसे भरली आहेत. घरोघरी सामान पोहोचवणारा मुलगा तर कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे की नाही यावरच वाद. त्याचा रविवार म्हणजे सर्वांत जास्त धावपळीचा वार, कारण तुम्ही-आम्ही घरी असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, असे सांगतात. चार दिवस बारा तास करा आणि तीन दिवस डोंगरावर जा, असा हिशेब एका तरुण अधिकाऱ्याने मला करून दाखवला. कागदावर तो बरोबर आहे. १९११ च्या कायद्यातही बाराच तास होते, एवढेच मी त्याला म्हटले. तो हसला नाही.

लोखंडे यांचे चित्र असलेले टपाल तिकीट २००५ मध्ये निघाले. ते ज्या गावात जन्मले त्या गावात रविवारी सकाळी येऊरच्या रस्त्यावर चालणाऱ्या शंभर जणांना विचारले, की हा वार तुम्हांला कोणी मिळवून दिला, तर किती जण नाव सांगतील, हे मला एकदा उभे राहून पाहावयाचे आहे.

१० जूनच्या जवळचा जो रविवार येतो, त्या दिवशी आम्ही काही वर्षांपासून मलंगगडाच्या वाटेवर जातो. पाऊस नुकताच सुरू झालेला असतो किंवा येऊ घातलेला असतो. दगड निसरडे असतात, म्हणून फार वर जात नाही. कल्याणहून सकाळची बस, भाकरी आणि सुकटीची चटणी घरून. भाषण नसते. गेल्या वर्षी बावीस जण होते. आमच्या वसाहतीतला रखवालदारही त्यांत होता, मुलीला घेऊन आला होता. तिने वाटेत भरपूर करवंदे खाल्ली आणि ओढ्यात चप्पल घालवली. बावीसांपैकी नऊ जण ठेक्यावरचे, आणि त्या नवांतले सहा जण त्या दिवशीचा पगार कापून घेऊन आले होते.